काठाचीही नोंद हवी

जालना जिल्ह्यात पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालेली एकही जागा नाही. जंगल नावापुरते. पाऊस वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही कधी जूनमध्येच पाठ फिरवणारा, तर कधी काढणीला आलेल्या सोयाबीनवर कोसळणारा. तरी पाटबंधारे खात्याचा तक्ता उघडला की पाण्याची नावे एकामागून एक येतात. कल्याण, कल्याण गिरिजा, ऊर्ध्व दुधना, जुई, धामना, जीवरेखा आणि गल्हाटी हे सात मध्यम प्रकल्प, त्यांच्याखाली कितीतरी लघु तलाव, गावोगावचे पाझर तलाव, आणि जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी. यातले जवळपास सगळे उभे पाणी माणसाने बांध घालून अडवलेले आहे. घाणेवाडीपासून निघून सोमठाण्यावरून, पुढे अंबड, शहागड आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून पैठणच्या नाथसागरापर्यंत या पाण्यांच्या कडेने प्रवास करताना माझे एक मत पक्के होत गेले. आपण पक्षी मोजतो आणि पाणीही मोजतो, पण पक्षी ज्याच्यावर जगतात तो काठ मात्र मोजत नाही. तो मोजला जात नाही तोवर पक्ष्यांच्या आकड्यांचा खरा अर्थ आपल्या हाती लागणार नाही.

काठ म्हणजे पाणी आणि जमीन यांच्यामधली रेघ, एवढाच अर्थ मला इथे अभिप्रेत नाही. गुडघाभर पाण्यापासून ते नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या चिखलापर्यंतचा जो पट्टा असतो, तो सगळा काठ. जालना शहराच्या उत्तरेला कुंडलिका नदीवर निजामाच्या राजवटीत बांधलेला घाणेवाडीचा तलाव, आजचा संत गाडगेबाबा जलाशय, हा पट्टा समजून घ्यायला फार सोयीचा आहे. बांधाच्या बाजूला पाणी खोल. तिथे पाणकावळे बुड्या मारतात आणि मधोमध वारकऱ्यांचे काळे थवे तरंगतात. बांधापासून दूर, नदी जिथून तलावात शिरते त्या अंगाला पाणी उथळ होत जाते आणि पक्ष्यांची जातही बदलत जाते. तलवार बदक आणि थापट्या पाण्यात बुडी मारत नाहीत. शेपूट वर करून मान जेवढी पोहोचेल तेवढ्याच खोलीवरचे अन्न ते घेतात. शेकाट्याचे पाय लांब, म्हणून तो वीतभर पाण्यात उभा राहू शकतो. टिलवे आणि तुतवार यांना तेवढेही पाणी चालत नाही. चोच रुतेल असा मऊ चिखल आणि वर पाण्याचा पातळ थर, एवढेच त्यांचे कुरण. मग जलाशयाची पातळी दोन हात चढली किंवा उतरली, तर पक्ष्यांची पंगत सगळीच बदलते. एका जानेवारीत तिथे हजार बदके दिसली आणि पुढच्या जानेवारीत दोनशे, तर बदके घटली असे म्हणण्याआधी पातळी किती होती हे विचारायलाच हवे. बहुतेक पक्षीनोंदींत या प्रश्नाचे उत्तर नसते.

जानेवारीतली गणना ही मोलाची गोष्ट आहे आणि ती करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. जगभरातली पाणपक्षी गणना १९६७ पासून चालते. तिचाच भाग असलेली आशियाई पाणपक्षी गणना आपल्या उपखंडात १९८७ मध्ये सुरू झाली, आणि वेटलँड्स इंटरनॅशनल व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) यांच्या पुढाकाराने आजही दर जानेवारीत स्वयंसेवक ठिकठिकाणच्या तलावांवर पक्षी मोजतात. थंडीत उत्तरेकडून आलेले पक्षी त्या सुमारास एका जागी स्थिरावलेले असतात, म्हणून तो महिना निवडला गेला. मध्य आशियाई उड्डाणमार्गावरच्या देशांचे आकडे जोडून एखादी जात वाढते आहे की घटते आहे हे पाहण्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. अडचण येते ती एका तलावाचा निकाल लावताना, आणि मराठवाड्यात ती जास्तच जाणवते. इथे पाऊस बरा झाला की गावोगावचे पाझर तलाव, नाले, अगदी रस्त्याकडेच्या खाणींतही पाणी साचते आणि बदके सगळ्या मुलुखात विखुरतात. दुष्काळात लहान पाणी आटते आणि उरलेल्या मोठ्या जलाशयांवर सगळ्यांची गर्दी होते. म्हणजे मोठ्या धरणावरचा फुगलेला आकडा मुलुखातल्या टंचाईचा पुरावा असू शकतो, आणि रोडावलेला आकडा चांगल्या पावसाचा. पातळी आणि आसपासच्या लहान तलावांची स्थिती सोबत नसेल, तर तोच आकडा वाचणाऱ्याला उलट दिशेला नेतो.

शेकाट्याचेही असेच आहे. लांब तांबड्या पायांचा हा देखणा पक्षी शहराच्या सांडपाण्यात मजेत राहतो. कुजट पाण्यातल्या अळ्या आणि किडे त्याला भरपूर मिळतात. एखाद्या तलावावर चार-पाच वर्षांत बदकांच्या जाती कमी होत गेल्या आणि शेकाटे वाढत गेले, तर एकूण संख्या तेवढीच राहील, पण पाणी बिघडते आहे हे त्या यादीत स्पष्ट दिसेल. पक्षी मोजायचे ते ही गोष्ट कळण्यासाठी. नुसत्या बेरजेत ती दडून जाते.

बदनापूर तालुक्यात सोमठाण्याजवळ दुधना अडवली आहे. ऊर्ध्व दुधनेचा हा जलाशय वर्षातून दोनदा आपले रूप पालटतो. पावसाळ्यानंतर तो भरलेला असेल तर काठ जवळजवळ नाहीसा होतो, पाणी थेट बाभळीच्या बुंध्यांना आणि बेशरमाच्या झुडपांना जाऊन भिडते. पुढे कालव्याला पाणी सुटते, उन्हे वाढतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत पाणी मागे सरकून गाळाची रुंद पट्टी उघडी होते. याच गाळपेर जमिनीवर शेतकरी ओलीवर पीक घेतात. परतीच्या वाटेवरचे पाणटिवळे आणि तुतवारही याच काळात इथे पोट भरतात, कारण हजारो किलोमीटरच्या उड्डाणाची चरबी त्यांना अशाच चिखलातून मिळवायची असते. उन्हाळ्यात काळवीट, कोल्हा, खोकड, रानमांजर यांनाही पाण्यावर यावेच लागते, आणि ओल्या गाळावर त्यांची पावले उमटलेली असतात. या वन्यप्राण्यांची पाहणी करायला याहून स्वस्त साधन नाही. सकाळी लवकर ठराविक शंभर पावलांचा काठ पाहायचा आणि उमटलेले ठसे लिहून घ्यायचे. जानेवारीतल्या एका दिवसाच्या गणनेत यातले काहीही येत नाही. जून-जुलैत अडई, कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी पाणवनस्पतींच्या आडोशाने घरटी करतात, तेही त्या गणनेच्या बाहेरच राहते. म्हणून महिन्याला एक तरी नोंद, त्याच जागेवरून आणि त्याच वेळी, एवढा माझा किमान आग्रह आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की पाण्याची जागा तर वाढतेच आहे, मग काळजी कशाची? हा आक्षेप पोकळ नाही. कडवंची हे जालना तालुक्यातले गाव पाणलोटाच्या कामासाठी राज्यभर ओळखले जाते. तिथले माथा ते पायथा झालेले काम, त्यानंतर उभ्या राहिलेल्या द्राक्षबागा आणि शेततळी पाहायला माणसे लांबून येतात. २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळे ही योजना आली आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी निळे-काळे चौकोन दिसू लागले. आकाशातून पाहिले तर पाणी खरोखर वाढले आहे. पण प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याला काठ नसतो. त्याच्या बाजू उभ्या आणि निसरड्या, तळाशी माती नाही, गवताचे पाते नाही, चिखलातले किडे नाहीत. अशा तळ्यावर खंड्या दिसेल, एखादा बगळा बांधावर थांबेल. टिलव्याला तिथे खायला काही नाही, आणि काही वेळा आत पडलेल्या प्राण्याला बाहेर येणेही कठीण होते. शेततळ्याने शेतकऱ्याची बाग वाचवली आहे आणि त्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. माझे म्हणणे इतकेच की पाण्याच्या क्षेत्रफळाचा आकडा पाणथळ जागेचा आकडा म्हणून वापरता येत नाही.

दुसरा आक्षेप याहून भारी आहे, आणि तो मांडणारा माणूस तहानेचा अनुभव घेतलेला असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराची पाण्यासाठी झालेली परवड इथले कोणी विसरलेले नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा मुलुखात तलावाचा गाळ काढून साठा वाढवणे हे पुण्यकर्मच मानले जाते. घाणेवाडीत जालनेकरांनी लोकवर्गणीतून आणि श्रमातून गाळ काढला, शेतकऱ्यांनी तो शेतात नेऊन टाकला. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही सरकारी योजनाही आहे. पक्ष्यांसाठी हे काम थांबवा असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि मी ते म्हणतही नाही. पण गाळ कुठून काढायचा हा प्रश्न राहतोच. पोकलेन आणि टिप्पर यांना सोयीची असते ती कोरडी पडलेली उथळ बाजू, म्हणजे नेमका पक्ष्यांचा काठ. तिथे उभ्या कडांचे खड्डे पडले की साठ्यात भर पडते, पण पुढच्या वर्षी पाणी त्या खड्ड्यांत एकदम खोल उभे राहते आणि उतरता चिखल शिल्लक राहत नाही. तलावाची एखादी बाजू, नदी जिथून आत येते तिकडची, हलक्या उतारावर तशीच ठेवली तर साठ्यात पडणारा फरक थोडा आणि काठ मात्र टिकतो. कोणती बाजू ठेवायची हे सांगायला पक्षी कुठल्या महिन्यात कुठे उतरतात याची सलग नोंद लागते. ती नसेल तर पक्षीप्रेमी माणसाजवळ भावनेपलीकडे सांगण्यासारखे काही उरत नाही, आणि भावनेला बैठकीत वजन नसते.

अंबडहून दक्षिणेला उतरत शहागडला गोदावरी गाठली की काठाचा वेगळाच प्रकार समोर येतो. इथे काठ वाळूचा. नदी सुरय हा पक्षी उन्हाळ्यात नदीपात्रातल्या वाळूच्या बेटांवर उघड्यावरच अंडी घालतो. नदी टिटवी आणि छोटा आर्ली यांचीही तीच रीत. बेट पाण्याने वेढलेले असेल तर कुत्री, कोल्हे आणि गुरे तिथवर पोहोचत नाहीत, एवढेच त्यांचे संरक्षण. नदी सुरयाची गणना आता जागतिक पातळीवर संकटग्रस्त जातींत होते. पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्च पातळी बंधारे एकामागून एक झाले आणि नदीच्या लांबच्या लांब पात्रात आता उभे पाणी राहते. उसाला, मोसंबीला आणि पिण्याला त्याचा आधार आहे. पण त्या पाण्याखाली वाळूची बेटे बुडाली, आणि जिथे पात्र उघडे आहे तिथली वाळू उपशात जाते. इथले नुकसान जानेवारीच्या गणनेत कधीच दिसणार नाही. हिवाळ्यात सुरय बंधाऱ्याच्या फुगवट्यावर मासे पकडताना दिसतील आणि यादीत त्यांची संख्या नोंदली जाईल. त्यांची वीण होते की नाही हे एप्रिल-मेच्या उन्हात वाळूच्या बेटांकडे दुर्बीण लावल्याशिवाय कळत नाही. प्रौढ पक्षी बरीच वर्षे जगतात, त्यामुळे पिले निघणे बंद झाले तरी काही वर्षे आकडा तसाच राहतो आणि नंतर एकाएकी कोसळतो. कोसळल्यावर जाग येऊन उपयोग नसतो.

पाचोडमार्गे पैठण गाठले की नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी झालेले आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालेले हे धरण जालन्याच्या हद्दीत नाही, पण त्याचा डावा कालवा जालन्यातून जातो आणि जालना शहराची तहानही आता या पाण्यावर अवलंबून आहे. सुमारे १०२ टीएमसीची साठवण आणि साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेले पाणी. साठ्याला क्षेत्रफळाने भागले की सरासरी खोली आठ मीटरच्या थोडी वर येते, म्हणजे एवढ्या मोठ्या जलाशयाच्या मानाने तो परातीसारखा पसरट आहे. मीटरभर पाणी उतरले की कित्येक चौरस किलोमीटर जमीन उघडी पडते. या पसरट काठामुळेच इथे रोहित येतात, चक्रवाक आणि पट्टकादंब उतरतात, शेतात दाणे टिपून क्रौंचांचे थवे रात्री उथळ पाण्यात उभे राहतात. १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य झाला. पण एवढ्या पाण्याचा काठ दर वर्षी किती आणि केव्हा उघडा पडणार हे वरच्या धरणांतून येणाऱ्या पाण्यावर आणि कालव्याच्या आवर्तनांवर ठरते, आणि ते निर्णय घेताना काठाचा विचार कोणाच्याही टिपणात नसतो.

कायद्यातही ही उणीव आहे. पाणथळ जागांसाठीचे २०१७ चे केंद्रीय नियम नदीचे पात्र, आणि खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव, पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळतात. हा निकष लावला तर जालना जिल्ह्यातले जवळपास सगळे पाणी पाणथळ ठरतच नाही. घाणेवाडी पिण्याचा, सोमठाणा सिंचनाचा, शहागड नदीचे पात्र. मात्र गोदावरीच्याच वरच्या अंगाला असलेला नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय बंधाऱ्यामुळे तयार झालेला असूनही महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. माणसाने बांधले म्हणून पाणथळपण उणे होत नाही हे त्यातून सिद्धच झाले आहे. कायद्याची व्याख्या बदलायला वेळ लागेल. तोवर वहीत तारीखवार लिहिलेली नोंद हाच या तलावांचा दाखला. नाथसागरावरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ मध्ये प्रकल्पाविरोधातली याचिका फेटाळली गेली. अशा वादांत कोणती बाजू बरोबर हा वेगळा विषय. पण जलाशयाच्या कोणत्या भागात कोणत्या महिन्यात कोणते पक्षी असतात याचा वीस वर्षांचा तक्ता टेबलावर असेल, तर चर्चा जागेवर येते, मग तो निर्णय कोणत्याही बाजूने जावो.

नोंदी सुरू झाल्या की उद्या अभयारण्य येईल आणि परवा आमची गाळपेर व मासेमारी बंद होईल, ही भीती काठावरच्या शेतकऱ्याला आणि भोई समाजाला वाटते. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. भरतपूरच्या केवलादेवमध्ये १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या नावाखाली म्हशींची चराई बंद केली गेली, त्यावरून गोळीबार झाला, माणसे दगावली. पुढे बीएनएचएसच्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात दिसले की म्हशी नसल्यामुळे पाणगवत बेसुमार माजले, उघडे पाणी घटले आणि बदकांनाच जागा उरली नाही. ही घटना दोन्ही बाजूंनी वाचावी लागते. न मोजता घातलेली बंदी माणसांचेही वाटोळे करते आणि पक्ष्यांचेही. आणि चराई उपयोगाची होती हे सिद्ध करता आले ते वर्षानुवर्षे केलेल्या मोजणीमुळे. सोमठाण्याच्या गाळपेर शेतकऱ्याच्या बाजूने उद्या पुरावा उभा करायचा असेल, तर तोही याच वहीतून येईल. त्याच्या हलक्या नांगरटीने काठ मोकळा राहत असेल तर ते दिसेल, आणि कीटकनाशकाच्या फवारणीने पाण्यातले किडे मरत असतील तर तेही दिसेल.

हौशी माणसांच्या मोजणीवर कितपत विश्वास ठेवायचा, असेही विचारले जाते. उडत्या थव्यातली बदके नेमकी मोजता येत नाहीत हे खरे. अनुभवी माणूस दहाचा एक पुंजका डोळ्यांत धरतो आणि तसे किती पुंजके बसतात याचा अंदाज बांधतो. दोन माणसांचे आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. पण तीच जागा, तीच वेळ आणि तीच पद्धत ठेवली तर चूक दर वेळी साधारण सारखीच राहते, आणि वर्षांमधले चढउतार तरीही वाचता येतात. मोबाइलच्या अॅपवर नोंदी भरभरून येतात, त्या उपयोगाच्याही आहेत, पण त्या रोहित आल्याची बातमी फुटल्यावर नाथसागरावर, आणि त्याही रविवारी. जिथे काही दिसत नाही अशा जुईच्या किंवा गल्हाटीच्या जलाशयावर मंगळवारी कोणी जात नाही. आणि आज काहीच दिसले नाही ही नोंद तर मोठ्या थव्याच्या नोंदीइतकीच मोलाची. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर बोट्युलिझमने १८ हजारांहून अधिक पक्षी मेले. असे संकट लवकर ओळखायला कॅमेरा घेऊन क्वचित येणाऱ्या पाहुण्यापेक्षा रोज पाण्यावर जाणारा मासेमार अधिक उपयोगी. पाणी कधी हिरवे पडले, मासे कधी तरंगले, कोणते पक्षी यंदा उशिरा आले, हे त्याला ठाऊक असते. त्याच्या तोंडी असलेले कागदावर यायला हवे, आणि त्या कामाचा मोबदलाही त्याला मिळायला हवा.

हे सगळे फार खर्चाचे काम नाही. धरणाच्या पाणीपातळीची आणि साठ्याची नोंद पाटबंधारे खाते ठेवतेच, त्यासाठी माणूस नेमलेला असतो आणि मोजपट्टी उभी असते. जिल्ह्यातल्या सात मध्यम प्रकल्पांवर आणि घाणेवाडीवर महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, त्या पातळीच्या आकड्याशेजारी आणखी तीन गोष्टी लिहायच्या : ठरलेल्या खुणेपासून पाणी किती पावले मागे आहे, उघडा पडलेला पट्टा चिखलाचा आहे, पिकाचा की खणलेला, आणि त्यावर कोणते पक्षी किती आहेत. जवळचे महाविद्यालय, वनविभागाचा एक कर्मचारी आणि गावातला एक मासेमार एवढ्यांनी मिळून हे होऊ शकते. वाचकांपैकी कोणी जालन्याचे, बदनापूरचे, अंबडचे किंवा भोकरदनचे असतील तर त्यांनी आपल्या जवळचा एकच तलाव निवडावा, येत्या जानेवारीत तिथे पक्षी मोजताना बांधावरच्या पट्टीवरचा आकडा लिहून घ्यावा, आणि मे महिन्यात त्याच जागी पुन्हा जाऊन तोच तक्ता भरावा.